साध्या खोकल्यावर दुसरं अँटिबायोटिक: सहकारनगरमधल्या एका प्रकरणाचा अभ्यास

हे प्रकरण माझ्या दवाखान्यातल्या एका जुन्या रुग्णाचं आहे. कुटुंबाची परवानगी घेतली आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. औषधं, मात्रा आणि तपासण्यांचे आकडे मात्र तसेच ठेवले आहेत, कारण सगळा मुद्दा त्यांतच आहे.

पार्श्वभूमी

शालिनीताई, वय ७१, वजन ५४ किलो. निवृत्त शिक्षिका. मुलगा, सून आणि नातीबरोबर पुण्यात सहकारनगरमध्ये राहतात. रोज सकाळी तळजाई टेकडीवर फिरायला जाणाऱ्या, स्वतःच्या गोळ्या स्वतः डबीत भरून ठेवणाऱ्या. मधुमेह चौदा वर्षांचा. ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम एकत्र असलेली गोळी सकाळ-संध्याकाळ चालू होती. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन, कोलेस्टेरॉलसाठी अॅटोर्व्हास्टॅटिन, आणि हाडांच्या डॉक्टरांनी दिलेली कॅल्शियमची गोळी रात्री.

तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी त्यांची एचबीएवनसी ६.४ होती. घरात त्याचं कौतुक होतं. मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारं क्रिएटिनिन १.३. रिपोर्टवर त्यापुढे छोटासा बाण होता, पण 'थोडंसंच वाढलंय' म्हणून तो कुणी मनावर घेतला नव्हता.

मधुमेहाचे डॉक्टर वेगळे, हाडांचे वेगळे, सर्दी-तापासाठी मी. गोळ्या मुलगा मोबाइलवरून मागवायचा. पुण्यातल्या कितीतरी घरांत आज हीच व्यवस्था असते, आणि बहुतेक वेळा ती सुरळीत चालते.

खोकला कसा वाढत गेला

भाऊबीजेनंतर दोन दिवसांनी घसा खवखवायला लागला. मग नाक वाहणं, अंगात कणकण, आणि तिसऱ्या दिवसापासून खोकला. पाचव्या दिवशी कफ पिवळा पडायला लागला. त्या आठवड्यात मी पुण्याबाहेर होतो. शेजारच्या काकूंनी सांगितलं, "अहो, तीन गोळ्यांचा कोर्स येतो, मला लगेच फरक पडला होता." जवळच्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय अॅझिथ्रोमायसिन ५०० ची पट्टी आली. दोन गोळ्या घेतल्यावर पोट बिघडलं, तिसरी तशीच राहिली.

आठव्या दिवशी खोकला होता तेवढाच होता. रात्री उबळ आली की उठून बसावं लागे. सून त्यांना घराजवळच्या एका क्लिनिकमध्ये घेऊन गेली. तिथे गर्दी होती. कफाचा रंग विचारला गेला, छाती तपासली गेली, "ब्राँकायटिस आहे" असं सांगितलं गेलं आणि लिव्होफ्लोक्सासिन ५०० मिलिग्रॅम रोज एक, सात दिवस, अशी चिठ्ठी मिळाली. सोबत खोकल्याचं औषध आणि पित्ताची गोळी. "शुगर आहे का?" या प्रश्नाला "हो, पण कंट्रोलमध्ये आहे" असं उत्तर गेलं. उत्तर खरंच होतं. कोणत्या गोळीने कंट्रोलमध्ये आहे, हे विचारायचं राहिलं आणि सांगायचंही राहिलं. फाइल घरी कपाटात होती.

दुसऱ्या दिवसापासून त्या रोज सकाळी नाश्त्यानंतर लिव्होफ्लोक्सासिन घेऊ लागल्या. भूक मात्र मेली होती. दुपारी मऊ भात, रात्री अर्धी वाटी पेज. मधुमेहाच्या गोळ्या नेमाने चालू.

अडचण

बाराव्या दिवशी पहाटे पाचच्या सुमाराला सुनेला आवाज आला. शालिनीताई पलंगावर बसून काहीतरी असंबद्ध बोलत होत्या. कपाळावर घाम, हात थरथरत होते, आणि त्या नातीला सुनेच्या नावाने हाक मारत होत्या. मुलाला वाटलं, खोकल्याने झोप नाही, अशक्तपणा आला असेल, थोडं झोपू द्यावं. सुनेने आधी ग्लुकोमीटर काढला. साखर ४८.

या पूर्ण प्रकरणातला सगळ्यात मोलाचा निर्णय तो होता, आणि तो कुठल्याही डॉक्टरने घेतलेला नव्हता. आई शुद्धीवर आहेत, घोट गिळता येतोय, हे बघून तिने तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली तर ७१. मग दूध-बिस्किटं दिली आणि मला फोन केला. (माणूस गिळू शकत नसेल किंवा बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन करायचा.)

मी सहाला पोहोचलो. टेबलावर सगळ्या पट्ट्या मांडायला सांगितल्या. ग्लिमेपिराइड, लिव्होफ्लोक्सासिन आणि क्रिएटिनिनचा तो रिपोर्ट, तिन्ही गोष्टी त्या दिवशी पहिल्यांदा एकाच माणसाच्या नजरेसमोर आल्या.

असं का झालं

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडातल्या बीटा पेशींवरची पोटॅशियमची वाट बंद करतं आणि त्यामुळे इन्शुलिन सुटतं. लिव्होफ्लोक्सासिन ज्या गटातलं आहे त्या फ्लोरोक्विनोलोन औषधांमुळेही त्याच जागी तसाच परिणाम होऊ शकतो. म्हणजे एकच कळ दोन हातांनी दाबली जात होती, आणि वर पोटात अन्न नव्हतं. हा धोका नवा नाही. याच गटातलं गॅटिफ्लोक्सासिन साखर वर-खाली करतं म्हणून पोटात घेण्याच्या आणि इंजेक्शनच्या रूपात भारतात २०११ मध्ये बंद झालं. डोळ्यांचे थेंब तेवढे राहिले. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने संपूर्ण गटासाठीच साखर घसरण्याचा इशारा अधिक कडक केला. वयस्कर आणि साखरेच्या गोळ्या घेणारे रुग्ण यांचा त्यात खास उल्लेख आहे.

दुसरी बाजू मूत्रपिंडाची. क्रिएटिनिन १.३ हा आकडा धष्टपुष्ट तरुणात फारसा चिंतेचा नसतो. पण वय, वजन आणि स्त्री असणं हिशोबात धरून कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्र मांडलं की शालिनीताईंच्या मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता मिनिटाला सुमारे ३४ मिलिलिटर निघते. लिव्होफ्लोक्सासिन मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडतं. निरोगी माणसात ते निम्मं व्हायला ६ ते ८ तास लागतात. क्षमता ५० च्या खाली गेली की हाच काळ एक दिवसाच्याही वर जाऊ शकतो. म्हणून अशा रुग्णात पहिली मात्रा ५०० आणि पुढे रोज २५० असं प्रमाण ठरलेलं आहे. त्यांना रोज ५०० जात होतं. तिसऱ्या गोळीपर्यंत औषध शरीरात साठत गेलं होतं.

तिसरी गोष्ट हृदयाची. अॅझिथ्रोमायसिन थांबवल्यावरही कित्येक दिवस पेशींमध्ये रेंगाळतं. तेही आणि लिव्होफ्लोक्सासिनही ईसीजीमधलं क्यूटी अंतर लांबवू शकतं, आणि ते फार लांबलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. दोन्ही पाठोपाठ आली होती.

कोणते पर्याय होते

सहा वाजता माझ्यासमोर पहिला प्रश्न: घरी ठेवायचं की दाखल करायचं? साखर ७१ झाली होती, त्या ओळखून बोलत होत्या. कुटुंबाला घरीच बरं वाटत होतं. पण ग्लिमेपिराइडमुळे घसरलेली साखर एकदा वर आली म्हणजे वर राहतेच असं नाही. मूत्रपिंड मंद असेल तर औषधाचा अंमल लांबतो आणि काही तासांनी साखर पुन्हा कोसळते. शिवाय हृदयाचा आलेख घरी निघणार नव्हता. मी निदान चोवीस तास दाखल करा, असं सांगितलं. घराजवळच्या रुग्णालयात सलाइन लागलं, दर तासाला साखर बघितली गेली. दुपारी जेवण होऊनही ती ६१ वर आली. ही घसरण घरी झाली असती तर दुपारच्या झोपेत झाली असती.

दुसरा प्रश्न अधिक अवघड होता, निदान घरच्यांसाठी: अँटिबायोटिकचं काय? तीन वाटा होत्या. मात्रा कमी करून तेच चालू ठेवायचं, दुसरं अँटिबायोटिक द्यायचं, किंवा पूर्ण थांबवायचं.

मुलगा म्हणाला, "डॉक्टर, कोर्स अर्धवट सोडला तर जंतू अजून माजतील ना? तुम्हीच तर सांगता, कोर्स पूर्ण करा." हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आम्ही डॉक्टरांनीच ते वाक्य वर्षानुवर्षं सांगितलं आहे. ते वाक्य जिथे जिवाणूंचा संसर्ग ठरलेला आहे तिथलं आहे. क्षयरोगात तर गोळी एक दिवसही चुकवू नये. पण मुळात जिवाणूच नसतील तर उरलेल्या गोळ्या गिळून कुणाचाही नाश होत नाही. पोटातले उपयोगी जिवाणू तेवढे मरतात आणि त्यांतले चिवट उरतात. गरज नसलेलं अँटिबायोटिक जितक्या लवकर थांबेल तितकं चांगलं.

मग गरज होती का, हे तपासणं भाग होतं. ताप नव्हता. नाडी ८८, श्वास मिनिटाला १८, ऑक्सिजन ९७ टक्के. छातीत सगळीकडे थोडी घरघर, पण एकाच जागी चिकटलेला वेगळा आवाज नाही. एक्स-रेमध्ये न्यूमोनियाचा डाग नाही. दमा नाही, सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होत जाणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) नाही, धूम्रपान कधीच नाही. हा तीव्र ब्राँकायटिस होता, म्हणजे श्वासनलिकांना आलेली सूज, आणि अशा दहांपैकी नऊ किंवा त्याहून जास्त रुग्णांत ती विषाणूंमुळे येते. कफाचा पिवळा-हिरवा रंग पांढऱ्या पेशींमधल्या एका विकरामुळे येतो. त्यावरून जिवाणू आहेत असं ठरत नाही. अशा खोकल्यात अँटिबायोटिक दिल्याने खोकला सरासरी जेमतेम अर्धा दिवस कमी होतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही २०२२ मध्ये विषाणूजन्य ब्राँकायटिसमध्ये अँटिबायोटिक टाळा असं स्पष्ट सांगितलं आहे.

याच जागी सीओपीडीचा रुग्ण असता आणि त्याचा दम वाढला असता, कफ वाढला असता, कफ पूसारखा झाला असता, तर मी अँटिबायोटिक दिलं असतं. पण तेही पाच दिवसांचं, आणि बहुधा अॅमॉक्सिसिलिन किंवा डॉक्सिसायक्लिनसारखं. जागतिक आरोग्य संघटनेने अँटिबायोटिक्सची जी वर्गवारी केली आहे, तीत ही दोन्ही पहिल्या पसंतीच्या गटात आहेत. अॅझिथ्रोमायसिन आणि लिव्होफ्लोक्सासिन जपून वापरायच्या गटात. शालिनीताईंना पहिल्या बारा दिवसांत मिळालेली दोन्ही औषधं त्या दुसऱ्या गटातली होती.

काय केलं

लिव्होफ्लोक्सासिन बंद, दुसरं अँटिबायोटिक काही नाही. ग्लिमेपिराइड थांबवलं. ईसीजीत क्यूटी अंतर किंचित वाढलेलं होतं, पोटॅशियम व्यवस्थित होतं. दोन दिवसांनी पुन्हा काढलेल्या ईसीजीत ते कमी झालं. घोट्यामागच्या शिरेत, म्हणजे टाचेच्या वरच्या स्नायुबंधात दुखतं का, हे मुद्दाम विचारलं. साठीनंतर या गटाच्या औषधांनी तो बंध सुजण्याचा, क्वचित तुटण्याचाही धोका असतो आणि तो औषध थांबवल्यावरही काही काळ राहतो. दुखत नव्हतं. तरी दोन आठवडे तळजाईचा चढ नको, सपाटीवर चाला, असं सांगितलं.

खोकल्यासाठी कोमट पाणी, रात्री डोकं थोडं उंच, गरज पडली तर पॅरासिटामॉल, आणि स्पष्ट अंदाज: असा खोकला सरासरी अठरा दिवस टिकतो, कुणाला तीन आठवडेही लागतात. माझा अनुभव असा की हा आकडा पहिल्याच भेटीत सांगितला तर निम्मी अँटिबायोटिक्स मागितलीच जात नाहीत. लोक आठवड्यात बरं वाटेल असं धरून चालतात, आणि आठव्या दिवशी घाबरतात.

एक धोका मात्र खोकल्याकडे असं शांतपणे बघून टळत नाही. आपल्याकडे दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला म्हणजे क्षयरोगाची तपासणी, आणि मधुमेहात क्षयाची शक्यता वाढते. लिव्होफ्लोक्सासिन क्षयाच्या जंतूंवरही काम करतं; औषधांना न जुमानणाऱ्या क्षयात ते उपचाराचा भाग असतं. त्याच्या काही गोळ्यांनी क्षयरोग्याला तात्पुरतं बरं वाटतं, रोगाचं निदान लांबू शकतं, आणि जंतू त्या औषधाला सरावू शकतात. ब्राँकायटिसमध्ये हे औषध सहज लिहिण्याला माझा सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे, साखरेपेक्षाही मोठा. पंधराव्या दिवशी खोकला चालूच होता, म्हणून महापालिकेच्या दवाखान्यामार्फत कफाची जनुकीय तपासणी करून घेतली. ती मोफत होते.

परिणाम

कफात क्षयाचे जंतू सापडले नाहीत. साखर दुसऱ्या दिवसानंतर घसरली नाही. खोकला साडेतीन आठवड्यांनी गेला, आणखी कुठल्याही अँटिबायोटिकशिवाय. सहाव्या आठवड्यात वजन तपासलं, ते पूर्ववत होतं. लिव्होफ्लोक्सासिनच्या तीन गोळ्यांनी क्षय झाकला गेला असेल का, ही शंका मी तोवर सोडली नव्हती.

मधुमेहाच्या डॉक्टरांशी फोनवर बोललो. एकाहत्तराव्या वर्षी, मूत्रपिंड मंद असताना, ग्लिमेपिराइडवर ६.४ ही पातळी कौतुकापेक्षा काळजीची होती, यावर आमचं एकमत झालं. ग्लिमेपिराइडऐवजी लिनाग्लिप्टिन आलं, ज्याची मात्रा मूत्रपिंडासाठी बदलावी लागत नाही. मेटफॉर्मिन आहे तेवढंच ठेवलं, वाढवायचं नाही असं ठरलं. तीन महिन्यांनी सरासरी ७.१ आली, आणि ती आम्हा दोघांनाही चालते.

निर्णयाचे क्षण, आणि वेगळं काय करता आलं असतं

मेडिकलच्या काउंटरवर अॅझिथ्रोमायसिन चिठ्ठीशिवाय द्यायला नको होतं. ते अनुसूची एचमधलं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या यादीतलं औषध आहे. पट्टीवरची लाल रेघ हेच सांगायला असते. यात चर्चेसारखं काही नाही.

क्लिनिकमधला क्षण जास्त विचार करायला लावतो, कारण तिथे कायद्याने सगळं बरोबर होतं. लिव्होफ्लोक्सासिन १ मार्च २०१४ पासून अनुसूची एच-वनमध्ये, म्हणजे विक्रीची नोंदही ठेवावी लागणाऱ्या आणखी कडक यादीत आहे. चिठ्ठी होती, मेडिकलमध्ये रजिस्टरला रुग्णाचं, डॉक्टरांचं नाव आणि गोळ्यांची संख्या लिहिली गेली. ते रजिस्टर तीन वर्षं जपलं जाईल. तरीही पहाटे साखर ४८ झाली. चिठ्ठी असली म्हणजे औषध सुरक्षित असतं, असं आपण सगळेच धरून चालतो. त्या गर्दीत तीन प्रश्न पुरले असते: अजून कोणत्या गोळ्या चालू आहेत, शेवटचं क्रिएटिनिन किती, या आजारात आधी कोणतं अँटिबायोटिक घेतलं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शालिनीताईंनी आपणहून दिलं नव्हतं. चिठ्ठीशिवाय आणलेलं होतं, म्हणून संकोच वाटला, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

डॉक्टरला खात्री नसेल आणि रुग्णाला रिकाम्या हाताने जायचं नसेल, तर मधली वाट आहे: चिठ्ठी लिहून द्यायची, पण "आजपासून तीन दिवसांत ताप आला, दम लागला, तर आधी मला फोन करा आणि मगच ही सुरू करा" असं सांगून. बहुतेक चिठ्ठ्या मग वापरल्याच जात नाहीत. मी ती वाट वापरतो. शालिनीताईंच्या बाबतीत मात्र त्या चिठ्ठीवरही लिव्होफ्लोक्सासिन नको होतं.

घरातला क्षण अर्धी वाटी पेजेचा. जेवण निम्म्यावर आलं आणि ग्लिमेपिराइड पूर्ण चालू राहिलं. आजारपणात जेवण कमी झालं तर साखरेच्या गोळ्यांचं काय करायचं, हे मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाला आधीच लिहून दिलेलं असायला हवं. त्यांना तसं कुणी दिलं नव्हतं. आता दिलं आहे, आणि सुनेच्या मोबाइलमध्ये सगळ्या पट्ट्यांचे आणि शेवटच्या रिपोर्टचे फोटो आहेत. मुलाच्या मोबाइलमध्येही, कारण दवाखान्यात कोण घेऊन जाईल हे सांगता येत नाही.

क्लिनिकच्या डॉक्टरांना मी दुसऱ्याच दिवशी फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ते प्रकरण स्वतःच्या नोंदीत टाकलं. भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाकडेही आम्ही या दुष्परिणामाची माहिती कळवली. ती डॉक्टरच नव्हे, रुग्ण किंवा नातेवाईकही देऊ शकतात. १८००-१८०-३०२४ हा त्यासाठीचा निःशुल्क क्रमांक आहे. आमच्या बाबतीत फोन सुनेने केला, कारण पहाटेच्या सगळ्या वेळा आणि आकडे तिनेच लिहून ठेवले होते.